कुत्र्याला न घातलेली भाजी

"न्यायची तर ने. कुत्र्याला घालीत न्हाई मी हे. जातिवंत कुत्रं हाय, त्याच्या पोटाला सोसायचं न्हाई."

मोठ्या बाई असं म्हनल्या. हसून म्हनल्या. त्या वट्यावर, हातात पनीरच्या भाजीचं पातेलं. मी वट्याखाली, कडंवर पोरगी. वादळ हून तिसरा दिवस हुता. ईज न्हाई. त्यांच्या घरी वादळाच्या आदल्या दिशी साखरपुडा झाल्ता, उरल्यालं सगळं बंद फ्रिजात कोंडून ठिवल्यालं.

मी घेतलं. खोटं कशाला सांगू. आमचं पत्रं उडून गेल्तं, बाजरीचं पीठ भिजून त्याला बुरा आल्ता, पोरीचा बाप सुप्याला कंपनीत अडकल्याला, रस्त्यावर झाडं आडवी. भाजीला आंबूस वास येत हुता. मला वाटलं, चांगली उकळी दिली की झालं. तीन उकळ्या दिल्या अन् पोरीला चारली. मीच चारली.

दुपारपातूर उलट्या अन् जुलाब. दोन वर्साचं लेकरू. रडायची, पर डोळ्यात पानी न्हाई.

दवाखान्याच्या आशाताई चिखल तुडवीत आल्या. म्हनल्या, "अगं येडे, पानी उकळलं की चांगलं व्हतं, नासल्यालं अन्न न्हाई व्हत. ही मीठ-साखरंची पुडी पान्यात कालवून पाजत राहा. पर पानी खात्रीचं घे."

खात्रीचं कुठनं आनू? वस्तीच्या आडात वढ्याचं पानी शिरल्यालं, वर मेल्याली कोंबडी तरंगत हुती. खात्रीचं एकच, बाईंच्या बोरचं. त्यांचा जनरेटर मोटरीपुरता चालू हुता. तिथं आमी हंडा ठिवायचा अन् लांब सरायचं. मग त्यांचा गडी पाईप वर धरून पानी सोडनार. "टेकवू नको रे हंड्याला," ह्ये बाईंचं दर खेपंला. शिकल्याली मानसं.

सासूला घिऊन गेले. हंडा ठिवला, लांब सरले. पानी सुरू झालं तवर बाई भाईर आल्या, हातात डबा.

"बासुंदी हाय, ही बी ने. तुमाला काय व्हतंय, तुमी दगड पचवता."

सासू कानात म्हनली, "घे गप. पानी तोडंल ती. पोरगी मरंल."

घेनार हुते. हात पुढं गेल्ता बी. पर तोंडातनं निघालं,

"बाई, कुत्रं आजारी पडंल म्हनून त्याला न्हाई घातलं. माझी पोरगी पडली. म्हंजी तुमाला ठावं हुतं."

"लई शानी झालीस? पानी पायजे ना?"

"पायजे. डबा नको."

"मग पानी बी न्हाई. बंद कर रे."

गड्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई. बंद केलं.

हंड्यात चार बोटं पानी. तेवढं उचललं. सासू वाटभर शिव्या देत हुती, मला, बाईला न्हाई. त्यात पुडी कालवली, चमच्या चमच्यानं पाजली. मग आडावर गेले. बादलीनं कोंबडी काढली, लांब पुरली. पानी दुहेरी लुगड्यातनं गाळलं. सरपन वलं, म्हनून छपराचं मोडकं, आतनं कोरडं वासं जाळलं अन् खळाखळा उकळलं. निवल्यावर झाकून ठिवलं. पुढच्या पुड्या त्याच पान्यात. दुसऱ्या दिशी पोरगी मुतली, तवा मी पहिल्यांदा खाली बसले.

पानी शुद्ध कराया आडात टाकायची टीसीएल पावडर पंचायतीत गोनीनं पडून हाय, आशाताईंनी सांगितलं. कुलपाची किल्ली बाईंच्या मालकाकडं, त्यो सरपंच. उद्या मी किल्ली मागाया जानार. वस्तीतल्या दोघी येतो म्हनल्यात. न्हाई आल्या तरी जानार. मला भ्या वाटतंय. पर आमच्या पोटात काय जातंय ह्ये ठावं असून जी बाई हसत देती, तिच्या दारात माझी पोरगी हंडा घिऊन उभी राहनार न्हाई.