सिमेंटवाल्याने दिलेली डायरी

आमच्या साइटवरच्या कागदांवर विश्वास ठेवायचा तर नव्वदच्या दशकात लखनौमध्ये सलग दोन वर्षं पाऊस पडलेला नाही. वीज गेली नाही, वाळूचा ट्रक अडला नाही, एकही नकाशा उशिरा आला नाही. विकास नगरमध्ये आमची संस्था कर्मचाऱ्यांसाठी चार इमारती बांधत होती आणि मी संस्थेची साइट इंजिनियर होते. अशा कामावर एक हिंड्रन्स रजिस्टर असतं. काम कशामुळे अडलं, कधीपासून कधीपर्यंत, हे त्यात लिहायचं आणि खाली ठेकेदाराने आणि आम्ही सही करायची. पुढे काम रेंगाळलं की चूक कोणाची, हे त्या वहीवरून ठरतं. आमची वही कोरी करकरीत होती. ती साहेबांच्या लोखंडी कपाटात होती आणि किल्ली साहेबांच्या खिशात.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. अडथळा लिहिला की तो आपल्या गळ्यात पडतो, न लिहिला की तो ठेकेदाराचा आळस. ठेकेदार दर महिन्याला वही मागायला यायचा. साहेब त्याला चहा पाजायचे, नातवंडांची चौकशी करायचे आणि किल्ली आज घरी राहिली म्हणून सांगायचे. ठेकेदार कप ठेवून उठायचा आणि बाहेर मला म्हणायचा, "साहब से कौन बहस करे, मैडम." मला दोघांचाही सारखाच राग यायचा.

हा ठेकेदार लखनौबाहेरच्या बख्शी का तालाब गावचा, साठी ओलांडलेला. गवंडी म्हणून सुरुवात करून इथवर आलेला. अजूनही भिंतीवरून तळहात फिरवून ती ओळंब्यात आहे की नाही सांगायचा आणि दर वेळी बरोबर निघायचा, याचा मला इंजिनियर म्हणून अतिशय त्रास व्हायचा. त्याची कंपनी म्हणजे तो, दोन जावई आणि एक मेहुणा. मेहुण्याचं काम टेपचं दुसरं टोक धरायचं. ते तो उभ्या उभ्या झोपून करायचा.

मी मात्र रोज लिहीत होते. एक सिमेंटवाला दर नव्या वर्षाला जाडजूड डायरी द्यायचा, रोजचं एक पान. ती साइटच्या टेबलावर पडलेली असायची आणि चौकीदारापासून साहेबांपर्यंत जो येईल तो ती चाळायचा. इंग्रजीत लिहावं तर साहेब वाचणार, हिंदीत लिहावं तर सगळेच. म्हणून मी मराठीत लिहायचे, तेही आमच्या साताऱ्याकडच्या. अक्षरं सगळ्यांना वाचता यायची, दोनचार शब्द ओळखीचेही लागायचे, पण गाडी पुढे सरकायची नाही. हे सुचल्याबद्दल मी स्वतःवर फार खूश होते.

त्या खुशीत माझी जीभ, म्हणजे लेखणी, सैल सुटली. 'आज बी ब्लॉकचा नकाशा आला नाही. आर्किटेक्ट नकाशे पाठवत नाही, दर्शन देतो.' 'साहेब आले, कपाटाकडे बघून गेले. स्वतःही एक कपाटच आहेत.' 'पाऊस, काम बंद. थेरडा पाण्यात उभा राहून विटा झाकत होता, मेहुणा छत्रीत.' असं रोजचं रोज, दोन वर्षं. अहो, ऑफिसात माणूस रागावतो कुठे? मी तिथे रागवायचे.

इमारती वर्षभर उशिराने पुऱ्या झाल्या. संस्थेने ठेकेदारावर ठपका ठेवला आणि त्याचं नाव काळ्या यादीत टाकायचं ठरवलं. एकदा त्या यादीत गेलेल्या माणसाला लखनौत कोणी कोंबड्यांचं खुराडंही बांधायला देत नाही. तो आणि दोन्ही जावई, सगळे घरी बसले असते. त्याने लवाद मागितला. करारनाम्यात तशी सोय होती, म्हणून एका निवृत्त चीफ इंजिनियरांची नेमणूक झाली.

पहिल्या सुनावणीत साहेबांनी कपाटातली वही काढली आणि कोरी पानं अभिमानाने उलटून दाखवली. अडथळा नाही, म्हणजे उशीर ठेकेदाराचा. त्यावर ठेकेदाराचा वकील म्हणाला, साइटवर मॅडम रोज काहीतरी लिहायच्या, ते मागवा. लवादांनी मागवलं. डायरीची झेरॉक्स दोन्ही बाजूंना मिळाली आणि पंधरा दिवसांनी मी समोर बसून शपथेवर ती हिंदीत वाचून दाखवायची असं ठरलं. लवादांनी ठेकेदाराला विचारलं, दुसरा कोणी भाषांतरकार हवा का? तो म्हणाला, "नहीं साहब, मैडम ही पढ़ें।"

माझं धाबं दणाणलं. शिव्यांसाठी नाही, त्याचं मला काही वाटत नव्हतं. त्या डायरीत एक पान माझंच होतं.

सी ब्लॉकच्या स्लॅबच्या सळया बांधून तयार होत्या. त्या तपासून मी सही केल्याशिवाय ठेकेदाराला काँक्रीट ओतता येत नाही. नेमकं तेव्हा साताऱ्याला धाकट्या भावाचं लग्न निघालं. मी गडबडीत गाडी पकडली आणि तपासणी कोणाकडे सोपवायचीच विसरले. बारा दिवस सळयांचा सांगाडा तसाच उभा. परत आले तर साहेबांनी विचारलं, स्लॅब का झाला नाही? माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मी म्हणाले, मजूर कमी होते. साहेब खूश झाले, म्हणाले तसं पत्र काढा. मी काढलं, सही केली. पुढे त्या एका पत्रावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं चढत गेलं आणि 'ठेकेदाराकडे मजूर नाहीत' हीच संस्थेची सगळी केस झाली. त्या दिवशी संध्याकाळी डायरीत मी लिहिलं होतं: 'स्लॅब माझ्यामुळे अडला. थेरड्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कंदी पेढे दिले. पत्रात मजूर कमी म्हणून लिहिलं, खोटं आहे.'

सुनावणीच्या आदल्या आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. डायरीत काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण सरकारी कपाटालाही वास येतो. "देखिए, अनुवाद में थोड़ा इधर-उधर तो होता ही है," ते म्हणाले, "और आपके कन्फर्मेशन की फ़ाइल मेरी मेज़ पर है।" इतकं स्वच्छ बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो हवाई दलात, बख्शी का तालाबच्या तळावर. त्याने पानं शांतपणे वाचली.

"अगं, हे असलं लिहिलंस कशाला?"

"खरं होतं म्हणून."

"मग वाचायला काय होतंय?"

"अहो, नोकरी जाईल."

"तर मग एवढं पान सोड. कोणाला कळतंय इथे?"

मुलगी अभ्यास करता करता ऐकत होती. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीतच. "मम्मी, स्कूल में तो पेज छोड़ने पर मार्क्स कटते हैं," ती म्हणाली. नवऱ्याने तिला पुस्तकात बघायला सांगितलं.

सुनावणी लवादांच्या गोमती नगरच्या घरी होती, सकाळी अकराला, त्यांच्या बैठकीत. भिंतीवर त्यांच्या पुलांचे फोटो. साहेब माझ्या उजवीकडे, समोर ठेकेदार आणि त्याचा वकील. ठेकेदाराच्या मांडीवर झेरॉक्सचा गठ्ठा होता. मी एक ओळ वाचली की तो त्या ओळीवर बोट ठेवायचा आणि पुढच्या ओळीवर न्यायचा.

मी सगळं वाचलं. आर्किटेक्टचं दर्शन वाचलं, लवाद हसले. पाऊस वाचला, तारखांसकट. साहेबांचं कपाट वाचताना माझा आवाज जरा बारीक झाला, पण वाचलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. थेरड्याला मी 'बुज़ुर्ग' केलं, तेवढी सभ्यता शपथेतही चालत असावी. मेहुण्याच्या झोपेचं वाचल्यावर ठेकेदार मान हलवून म्हणाला, "यह तो सही लिखा है।"

तासाभरात ते पान आलं. वरची हवामानाची ओळ वाचली आणि मी पान उलटलं. हात माझाच होता, पण अगदी सहज उलटला, रोजची सवय असावी तसा.

ठेकेदाराचं बोट उलटलं नाही. ते मधल्या ओळीवर तसंच राहिलं. वकिलाने ते पाहिलं.

"मैडम, यह पन्ना पूरा नहीं हुआ।"

"घर की बात है," मी म्हणाले. "भाई की शादी थी।"

लवादांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. वकील काहीतरी म्हणायला पुढे सरकला, तेवढ्यात ठेकेदाराने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"जी साहब, घर की बात है। पेड़ा हमने भी खाया था। आगे पढ़वाइए।"

मी पुढे वाचायला लागले. वाळूचा ट्रक. प्लंबरची आई आजारी. काय वाचत होते ते मला कळत नव्हतं. मला ते पेढे दिसत होते. मी खोका उघडून धरला होता आणि तो त्या अडलेल्या स्लॅबच्या खाली उभा होता. बारा दिवस बसून राहिलेले त्याचे लोक पलीकडे पत्ते खेळत होते. त्याने हात धोतराला पुसून एक पेढा उचलला आणि भावाला आशीर्वाद सांगा म्हणाला. तोवर मी पत्रावर सही करून आले होते. लाज मला तेव्हाही वाटली होती. म्हणूनच तर लिहिलं, आणि लिहून मोकळी झाले, जणू लिहिलं की फिटलं.

दोन पानं वाचून मी थांबले. मागे आले. ते पान शब्दन् शब्द हिंदीत वाचलं. 'खोटं आहे' याचं हिंदी करायला काही कष्ट पडत नाहीत. आणि संस्थेची सगळी केस ज्या पत्रावर उभी आहे ते हेच, हेही सांगितलं, कारण ते डायरीत नव्हतं.

साहेबांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. बराच वेळ पुसला. लवादांनी फक्त पानाचा क्रमांक लिहून घेतला आणि चहा मागवला.

निकाल काही महिन्यांनी आला. ठेकेदाराचं नाव यादीत गेलं नाही. माझी नोकरी गेली नाही, पण कायम व्हायला आणखी तीन वर्षं लागली, आणि त्यातली दोन मी तळघरातल्या जुन्या नकाशांच्या खोलीत काढली. साहेब आपल्या निरोप समारंभाला मला बोलवायला विसरले. त्याचं मात्र मला अजूनही वाईट वाटत नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशीचं, लवादांच्या फाटकाबाहेरचं. साहेब जीपमध्ये एकटेच बसून निघून गेले होते. मी रिक्षा शोधत होते. ठेकेदार आपल्या जुन्या स्कूटरला टेकून उभा होता. झेरॉक्सचा गठ्ठा सीटवर होता, आणि ते पान वरच होतं. त्याच्या कडेला लाल पेन्सिलने खूण होती आणि माझ्या प्रत्येक ओळीखाली कोणीतरी बारीक अक्षरात हिंदी लिहिलं होतं.

"हमारे उधर एयरफ़ोर्स वालों के क्वार्टर हैं," तो म्हणाला. "एक मराठी बहनजी हैं, उनकी चहारदीवारी हमने बनाई थी। दस दिन पहले सब पढ़वा लिया था।"

म्हणजे थेरडा, मेहुणा, कपाट, सगळं त्याला आधीच माहीत होतं. मी मोठ्या धीराने वाचून दाखवत होते आणि तो नुसता तपासत होता, जशा मी त्याच्या सळया तपासायचे.

"मग मला पकडलं का नाहीत?" मी हिंदीत विचारलं. "मी पान सोडलं तेव्हा?"

"वकील साहब तो यही चाहते थे। हमने कहा, आप झूठी ठहरीं तो डायरी भी झूठी ठहरेगी। फिर हमारे पास क्या बचेगा?"

मी तासभर त्याच्या मोठ्या मनाने भारावून गेले होते, आणि त्याने तर साधा हिशेब केला होता. मला जरा रागच आला. तो मी लपवलाही नसावा, कारण स्कूटरला किक मारता मारता तो थांबला.

"और पन्ना तो आपने ही लिखा था, मैडम, हमारे कहने से नहीं," तो म्हणाला. "हमको लगा, लौट आएँगी।"

"आणि नसते आले तर?"

त्याने सीटवरचा गठ्ठा उचलून डिकीत ठेवला.

"तब भी पेड़ा तो अच्छा था," तो म्हणाला, आणि मला रिक्षास्टँडपर्यंत सोडतो म्हणून मागची सीट हाताने पुसू लागला.