पाणपोईवरचं नाव

लोक आपल्या जुन्या कॉलेजला पैसे देतात ते नावासाठी, असं मी आजवर छातीठोकपणे सांगत आलो. एक पंखा दिला तरी त्याच्या पात्यांवर अख्खं खानदान रंगवून घेणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे गावातल्या बुधवारा पेठेत कापडाचं दुकान चालवणाऱ्या माझ्या थोरल्या भावाने कॉलेजला पाणपोई बांधून दिली, तेव्हा मी त्याची थट्टाच केली. आम्ही दोघंही तिथेच शिकलो, पण दादाची ओळख वर्गापेक्षा कँटीनशी जास्त.

नाव मात्र त्याने स्वतःचं दिलं नव्हतं, मुलाचं दिलं होतं. पोरगाही त्याच कॉलेजात होता. शेवटच्या वर्षाला असताना एका सकाळी पेपर द्यायला म्हणून निघाला, तो परत आलाच नाही. तापीचे घाट पालथे घातले, नातेवाइकांकडे विचारून झालं, काही हाती लागलं नाही. या गोष्टीला बरीच वर्षं झाली, तरी वहिनी अजून रात्री दाराला आतून कडी लावू देत नाहीत. दादाही त्यांना म्हणतो, येईल.

उद्घाटनाला वहिनी गुडघ्यांमुळे आल्या नाहीत. पडदा सरकला. आमच्या हिंदी मुलखात अशा पाट्या हिंदीतच असतात. मुलाच्या नावाआधी 'स्व.' कोरलं होतं. माझं डोकंच फिरलं. गेलेल्यांची नावं कोरून कोरून कारागिराचा हात बसलेला, सवयीने ठोकून दिलं असणार. मी कॉलेजच्या बाबूला गाठून फैलावर घेतलं. ज्याचा पत्ता नाही त्याला परस्पर स्वर्गीय करणारे तुम्ही कोण, असं विचारलं. तो बिचारा दादाकडे बघत राहिला.

दादाने मला हाताला धरून बाजूला नेलं.

"त्याची गलती नाही. मीच लिहवलं," तो म्हणाला. "घरात तिच्यासमोर तोंडातून निघत नाही रे. कुठं तरी तर बोलायचं व्हतं."

मला रडू आवरेना. तो मात्र पुढे जाऊन पाहुण्यांना चहा घ्या म्हणू लागला.

दुपारी त्याच्याकडेच जेवायला बसलो. वहिनींनी वाढता वाढता विचारलं, नाव नीट लिहिलंय ना, फोटो काढला असेल तर दाखवा. मोबाइल माझ्या खिशात होता. मी आणखी एक पोळी मागून घेतली.

"फोटो कशाला," दादा म्हणाला. "तो आला का त्याच्यासंगच जाऊन पाह."