शनिवारचा घाणा

अंगणातल्या जुन्या दगडी घाण्यावर पप्पा बसले होते, तेव्हा इस्रायलहून भावाचा फोन आला. त्याने आपली थुंकी डीएनए तपासणीला दिली होती. बापाकडून मुलात उतरणारी आमच्या घराण्याची खूण जगात फार थोड्यांकडे सापडते, असं त्यात निघालं. म्हणजे आपण खरंच ज्यू, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

पप्पा म्हणाले, "आपल्या बैलांना विचारलं असतंस, तर त्यांनीही सांगितलं असतं."

मी त्या दगडाकडे बघत राहिले. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, तेल गाळून जगलेले. कुठून आलो याचा कागद नाही. जुनी भाषा गेली, पोथ्या गेल्या, मराठीच आमची झाली. पण शनिवारी, आमच्या विसाव्याच्या दिवशी, कुणी घाण्याला बैल जुंपला नाही. म्हणून तर गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं.

भावाला सापडलेली खूण मुलींत उतरत नाही म्हणे. नसेल उतरत. आज शुक्रवार. दिवस मावळायच्या आत मी उद्याचं जेवण रांधून झाकलं, गॅस बंद केला आणि शब्बाथचा दिवा लावला. घाण्याचे बैल सोडल्यावर व्हायचं असेल, तसं घर शांत झालं.