शिवलेल्या पोटाचं देणं

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी फौजेत कारकून होतो. आमच्या घरात मॅट्रिक झालेला मी पहिलाच, म्हणून बंदुकीऐवजी माझ्या हाती टाक आला, आणि त्या टाकासकट मला मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, पाठवण्यात आलं. तिथल्या गोदामात एका सकाळी ब्लँकेटं मोजत असताना पोटात कळ आली. दुपारपर्यंत मला उभं राहवेना. बरोबरच्या नाईकानं मला उचलून ट्रकमध्ये घातलं. पुढचं तुकड्यातुकड्यानं आठवतं. वाळूवर उभारलेला तंबूंचा दवाखाना, नाकावर धरलेला उग्र वासाचा बोळा, आणि एका गोऱ्या डॉक्टरचे कोपरापर्यंत धुतलेले हात. अपेंडिक्स फुटलं होतं. आणखी उशीर झाला असता तर मी तिथेच राहिलो असतो.

शुद्धीवर आल्यावर मी पहिली चौकशी केली ती खर्चाची. वॉर्डातला पंजाबी शिपाई हसला. म्हणाला, "बाबू, पेट सरकार का है. सरकार सिलवाएगी."

आणि खरोखरच सगळं सरकारनं केलं. दूध, अंडी, सल्फाच्या गोळ्या, रोज बदललेली पट्टी, कशाचेच कुणी पैसे मागितले नाहीत. वडूजजवळच्या एका कोरडवाहू खेड्यातलं पोर जगावं म्हणून परमुलखात इतकी माणसं झटली, याचं मला तेव्हा नवल वाटलं. आज जास्तच वाटतं. त्यांतल्या एकाचंही नाव मला ठाऊक नाही.

लढाई संपली आणि मी घरी आलो. सांगलीच्या कॉलेजात नाव घालायचं मी ठरवून आलो होतो. आईनं सदरा वर करून व्रण पाहिला, त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "डाक्टरला काय दिलंस?"

"काही नाही. फौजेत सगळं फुकट असतं."

तिचा चेहरा उतरला. आमच्या भागातला हाडवैद्य पैसे घेत नसे. पण माणूस बरा झाला की त्यानं आपल्या पायांनी चालत जाऊन नारळ, शिधा, जमलं तर कोंबडी वैद्याच्या पुढे ठेवायची. तसं केलं नाही तर सांधलेलं हाड पुन्हा निखळतं, असं आई लहानपणापासून ऐकत आली होती. त्यात चार दिवसांनी मी ज्वारीचं पोतं उचलताना पोट धरून खाली बसलो. जुना व्रण ताणला होता, एवढंच. पण आईनं ते पाहिलं.

"फुकटचं हाय ते, टिकायचं न्हाई," ती म्हणाली. "सांगलीत पोट फुटलं तर कोन हाय तितं तुजं? दिल्याबिगर मी तुला सोडायची न्हाई."

वडील तंबाखू मळत होते. "मग सरकारला कोंबडं धाड की. आगबोटीनं जाईल."

"तुमी गप बसा."

कॉलेज उघडायला थोडेच दिवस उरले होते. मी तिला पुष्कळ समजावलं. ती ऐकून घेई आणि रात्री मी झोपल्यावर माझ्या पोटावर हात ठेवून बसे. तिची भीती खरी होती, त्यामुळे मला रागावताही येईना.

एक दिवस तिनं शिधा बांधला, कोंबडी काखेत घेतली आणि मला वडूजच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर नुकतेच बदलून आलेले, तरुण होते.

"आवं डाक्टरसाहेब, ह्यो सरकारचाच दवाखाना न्हवं?"

"हो, बाई."

"मग एवढं सरकारात जमा करा. ह्येचं पोट सरकारनं शिवलंय."

मी शरमेनं सगळी हकीकत सांगितली. डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "बाई, मला कोंबडी घेता येत नाही. नोकरी जाईल."

"तुमाला कोन देतंय? सरकारला देतोय."

"सरकार कोंबडी खात नाही."

"मग काय खातं?"

"शेतसारा," आतून कंपाउंडर म्हणाला. डॉक्टरांनाही हसू आवरलं नाही.

आई हसली नाही. ती व्हरांड्यातल्या खाटेकडे पाहत होती. खाटेवर अथणीकडचा एक गाडीवान पडला होता. चाक पायावरून गेलं होतं. माल पोचवायचा म्हणून सोबती पुढे निघून गेले होते. दवाखान्यात औषध मिळे, जेवण ज्याचं त्यानं घरून आणायचं. याचं घर लांब होतं आणि भाषा कानडी. कंपाउंडर सकाळी चहा आणि पाव देई, तेवढ्यावर त्याचं चाललं होतं.

आईनं डॉक्टरांना विचारलं, "ह्येचं औषध सरकारचंच?"

"सरकारचंच."

"आन् हितं ह्येचं कोन न्हाई?"

"कोणी नाही."

तिनं कोंबडी पुढे केली. गाडीवानानं हात जोडले आणि गळ्यातलं लिंग दाखवलं; तो लिंगायत होता, त्याला कोंबडी चालत नव्हती. कोंबडीला एकाच सकाळी दोनदा नकार मिळाला. आम्ही घरी आलो. आईनं पिठलं केलं, भाकरी थापल्या आणि मला घेऊन परत गेली.

"तुज्या हातानं वाढ," ती म्हणाली.

मी वाढलं. तो मान खाली घालून जेवला. शेवटी ताटावर हात आडवा धरून "साकु, साकु" म्हणाला, म्हणजे पुरे. आईनं तरी अर्धी भाकरी घातली.

मग रोज दोन्ही वेळा आम्ही जात होतो. आई त्याच्याशी मराठीत बोले, तो कानडीत उत्तर देई. बैलांबद्दल दोघं बराच वेळ बोलत, आणि त्यांचं एकमत होत असावं. मी वाढत असे. वाढताना मला तो तंबू आठवे, आणि आईचं म्हणणं मला हळूहळू पटत गेलं. ज्यांनी मला जगवलं त्यांना शोधून काढणं शक्य नव्हतं, पण हे शक्य होतं.

एका सकाळी खाट रिकामी दिसली. रात्री त्याचा भाऊ गाडी घेऊन आला होता. आई जरा वेळ उंबऱ्याशी थांबली. पलीकडच्या खाटेवर तापानं फणफणलेला एक म्हातारा पडला होता. तिनं त्याला काही विचारलं नाही. माझ्या हातातलं ताट त्याच्यापुढे ठेवायला लावलं.

परतताना ओढा ओलांडल्यावर तिनं विचारलं, "कालेज कवा उघडतं म्हनालास?"