सातपूरच्या पाहुण्या

दार उघडताना त्या आधी पाऊल आडवं घालायच्या. दार वीतभर उघडं, मागे पाऊल, आणि प्रश्न ठरलेला, "कोणी धाडलं तुमाला?" ओळखपत्र पुढे केलं की फोटो बघायच्या, मग माझा चेहरा, आणि दोन्हींवर विश्वास बसल्याचं काही दिसायचं नाही.

मी सरकारसाठी घरभाड्याच्या पाहणीचं काम करते. यात घर ठरलेलं असतं. दर सहा महिन्यांनी त्याच दारात जायचं आणि आत जो कुणी राहत असेल त्याला भाडं विचारायचं. सातपूरच्या एका गल्लीतली तळमजल्याची खोली माझ्या वाट्याला आली होती. मालक वरच्या मजल्यावर राहायचे. या बाई मूळच्या पेठ तालुक्यातल्या, जवळच्या वर्कशॉपमध्ये पॅकिंगला जायच्या.

भाडं विचारलं की जिन्याकडे बघत मोठ्याने सांगायच्या, "भाडंबिडं नाय. आमी पाव्हणे हाय. कालच आलो."

हे कालचे पाहुणे मला चार खेपा भेटले. पाहुण्यांचा गॅस होता, खिडकीत मिरचीचं रोप होतं, मुलीचं दप्तर कोपऱ्यावरच्या शाळेचं होतं. माझ्या जागी तुम्हीही हसला असतात. भाडेकरू दाखवला की घरपट्टी जास्त लागते, म्हणून आमच्या शहरात अशा पाहुण्यांना तोटा नाही. पण बाईच नाही म्हणतात तर मी काय करणार? मी 'भाडे नाही' लिहून निघायचे. त्यांना माझा संशय, मला त्यांचा, आणि वर कठड्याशी उभ्या मालकांना आम्हा दोघींचा.

पाचव्या खेपेला वर कुलूप होतं. त्यांनी पाऊल काढलं, मला आत घेतलं, कोरा चहा दिला.

"खरं सांगा ताई. तुमी येऊन गेल्या का वरचे मालक भाडं वाढवतात. तुमीच सांगता ना त्यांना?"

वाढलेलं भाडं आम्ही फक्त लिहितो, नाव कुणाला कळत नाही, असं मी समजावलं. त्यांनी दारातून एकदा जिन्याकडे डोकावून पाहिलं. मग हळूच आकडा सांगितला. लाइटचं वेगळं, पाण्याचं वेगळं. शिवाय रोज मालकांचा जिना पुसायचा आणि टाकी भरायची, ते फुकट. ते भाड्यात कुठं धरायचं, याला माझ्याकडे रकानाच नव्हता.

"पोरीची दहावी होईस्तोर हितून हलायचं नाय मला," त्या म्हणाल्या. "तेवढं सांभाळा."

मी निघाले तेव्हा मालक फाटकाशी स्कूटर लावत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सताड उघड्या दाराकडे. मला ते बघणं आवडलं नाही.

पुढच्या खेपेला दार एकदम पूर्ण उघडलं. एका तरुणाने हसत भाडं सांगितलं, आधीच्याहून बरंच जास्त. आधीच्या बाई कुठं गेल्या, त्याला ठाऊक नव्हतं. मुलीची दहावी तर अजून अर्धी राहिली होती. घर तेच होतं, त्यामुळे माझ्या कामात कसलीच अडचण नव्हती, आणि याचाच मला फार राग आला.

जिन्यावर धूळ साचली होती. मी खालूनच मालकांना विचारलं. ते कठड्याशी आले.

"ते होय? पाहुणे होते ते, गेले," ते म्हणाले. "तुम्हीच लिहून नेलंत की."