खालच्या ओळीतली सात बटनं

माझी आई कापूस वेचणाऱ्या बायांची मुकादम आहे. बोरी अरबच्या आसपासच्या शेतकऱ्यांचा संध्याकाळी फोन येतो, उद्या इतक्या बाया पाहिजेत, आणि आई त्या गोळा करते. या कामात एकदा शब्द चुकला की शेतकरी दुसऱ्या मुकादमाकडे जातो.

तिचा फोन जुना आहे, टाइपरायटरसारखी तीन ओळींत बटनं असलेला. दारव्ह्याच्या दुरुस्तीवाल्याकडून तिने तो घेतला तेव्हा मी शाळेत होते. "साहेब लोकायचा फोन हाये हा, मावशी," तो म्हणाला होता. "साहेबायनं आता काचेचे घेतले, म्हणून तुमच्याकडं येऊन राह्यला." एक बटन दाबून धरलं की एका माणसाला फोन लागतो, एवढंच त्याने शिकवलं. पुढचं आईने केलं. वरच्या ओळीत वरच्या गल्लीतल्या बाया, मधल्या ओळीत आमच्या गल्लीतल्या, आणि खालची सात बटनं नाल्यापलीकडच्या तांड्यातल्या सात जणींची. घरं ज्या क्रमाने, त्याच क्रमाने बटनं. चुलीवरची भाकर उलटता उलटता ती न बघता फोन लावायची.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथे व्यवसायाच्या फोनवर प्रकल्प होता. बटनं जाऊन काच कशी आली, ते मी मन लावून लिहिलं. लिहिताना मला आईच्या फोनची थोडी लाज वाटली, हे सांगायला हवं. कमवा-शिका योजनेच्या पैशातून मी तिला टचस्क्रीन आणला, सिम त्यात टाकलं आणि सगळ्या बायांची पूर्ण नावं लिहिली. कॉलेजच्या हजेरीत असतात तशी, आडनाव आधी.

"कायले आणला वं एवढा?" आई म्हणाली. पण तिने तो पदराने पुसून ठेवला.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या शेतात सीतादही होतं. पहिल्या वेचणीला दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, तो दिवस. बारा बाया ठरल्या होत्या. तिथे जमलं तर पूर्ण हंगामाची वेचणी आईकडे येणार होती.

रविवार होता, म्हणून मीही गेले. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, सहाच बाया होत्या. आमच्या गल्ल्यांतल्या पाच, आणि तांड्यातली एकच.

"मले काल चारदा फोन केला बाईनं," ती हसत म्हणाली. "म्हटलं एवढा आग्रह करून राह्यली, तर दहीभातासंगं काही गोड बी असन."

तांड्यातल्या सातही जणींचं आडनाव एकच. आई एकेक अक्षर जुळवून वाचते. त्या सात सारख्या ओळींत तिचं भेगाळलेलं बोट पुन्हा पुन्हा एकाच नावावर पडत होतं.

"रात्री मले का नाही उठवलं?" मी हळूच विचारलं.

"तू एवढ्या हौसेनं लिहिलं व्हतं," आई म्हणाली. "वाटलं, जिले फोन लागला थे सांगन बाकीच्यायले."

शेतकरी जवळ आला. "मुकादमीन बाई, बारा म्हटल्या व्हत्या ना? का दुसरीकडं सांगू?" त्याची बायको दहीभाताचा डबा घेऊन उभी होती.

जुना फोन माझ्या पिशवीत होता. दारव्ह्याला विकायला न्यायचा होता. मी सिम काढून त्यात बसवलं. घाईत दोनदा उलटं बसलं. बॅटरीची एकच रेघ उरली होती. आईने फोन घेतला आणि अंगठा खालच्या ओळीवरून नेला, आलेल्या बाईचं बटन सोडून.

"कुठं हाये वं? निघ लवकर, दही थांबवलं हाये. ऑटो सांग." असे सहा वेळा.

शेतकऱ्याच्या बायकोने डबा सावलीत ठेवला. "येऊ द्या त्यायले," ती नवऱ्याला म्हणाली. "अर्ध्या बायांवर कायचं सीतादही?"

तासाभराने ऑटो आला. बारा जणींच्या ओंजळीत दहीभात पडला, मग वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओट्या बांधून सगळ्या कपाशीच्या ओळींत उतरल्या. संध्याकाळी शेतकरी वजनकाट्याजवळ एवढंच म्हणाला, "उद्या बी बाराच आणा."

नवा फोन आता मीच वापरते. प्रकल्पात बटनांविषयी एक परिच्छेद वाढवला आहे. याला आधार काय, असं सरांनी विचारलं. मी आईचं नाव सांगितलं.