गुरुजींनी वाढवलेलं वर्ष

रस्ता ओलांडायचा झाला की चुरीगुरुजी दोन मुलांचे हात घट्ट धरत, आणि त्यांचे तळवे आमच्यापेक्षा जास्त घामेजलेले असत. तलासरीच्या अलीकडे, हायवेला लागून आमचा पाडा. पाड्याची शाळा दोन खोल्यांची आणि दोन शिक्षकांची. त्यातले मोठे गुरुजी म्हणजे हे. रोज डहाणूहून यायचे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि चेहऱ्यावर आत्ताच कुणीतरी दम दिल्यासारखा भाव.

इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. कुत्र्याला भ्यायचे, विजेला भ्यायचे, पण सगळ्यांत जास्त भ्यायचे ते साहेबांना. खिचडीत मीठ कमी पडलं, फळ्याची चौकट निखळली, कुणाची चप्पल हरवली, की गुरुजींचा प्रश्न ठरलेला. ‘‘वर कळलं तर?’’ हे वर म्हणजे नक्की कुठे, ते आम्हांला ठाऊक नव्हतं. आम्ही कौलांकडे बघायचो. उत्तरसुद्धा ते कधी सरळ द्यायचे नाहीत. बाराला तिनाने भागलं तर किती, असं विचारलं की म्हणायचे, ‘‘चार यायला हवेत बहुतेक. तू पुन्हा करून बघ.’’

शिकवायचे मात्र जीव लावून. नकाशा तर असा काढायचे की डहाणूची खाडी फळ्यावरून वाहत येईल असं वाटायचं. पहिलीत मी सारखी रडायचे, तेव्हा तेवढे ओरडायचे. ‘‘मनीषा, एवढी मोठी झालीस, रडतेस काय? ती वनिता बघ, रडते का?’’ वनिता माझ्या शेजारी बसायची. ती खरंच रडायची नाही, आणि गणितात माझ्या पुढे असायची. याचा मला राग यायचा आणि तिच्यावाचून करमायचंही नाही.

बारावीनंतर मला मुंबईच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. कला आणि विज्ञान एकत्र शिकवणारी चार वर्षांची पदवी. वनस्पतिशास्त्र मुख्य, जोडीला इतिहास. ‘‘मंजे डॉक्टर का वकील?’’ बापाने विचारलं. मी म्हटलं, दोन्ही नाही. वनिताचं त्याच जूनमध्ये लग्न झालं, गुजरातच्या हद्दीजवळ अच्छाडला.

पहिल्याच वर्षी आमच्या सल्लागार मॅडमनी एका कागदावर आठ चौकोन काढले. आठ सत्रं. पाचव्या चौकोनाभोवती गोल केला आणि म्हणाल्या, ‘‘एक सत्र परदेशात शिकायचं असेल तर इथेच. सहाव्यापासून प्रयोगशाळा आणि प्रकल्प, मग हलता येणार नाही. पण त्यासाठी आतापासून आखावं लागेल.’’ मी आखलं. तिसऱ्या-चौथ्या सत्रात दुप्पट प्रात्यक्षिकं केली. हॉलंडमधल्या विद्यापीठाचे विषय आमच्या विषयांशी एकेक करून जुळवले, कशाला किती श्रेयांक मिळतील ते तपासलं. दोन वर्षं मी त्या पाचव्या चौकोनात राहत होते म्हणा ना. निवड झाली तेव्हा पहिला फोन गुरुजींना केला. तोवर ते निवृत्त झाले होते. म्हणाले, ‘‘विमान समुद्रावरून जातं का गं?’’

मे महिन्यात तिकडून मेल आली. परदेशात राहायला गेल्यावर तिथल्या नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं, त्याला जन्मदाखला लागतो. मी पाठवला होता. पासपोर्टवर, म्हणजे शाळेच्या दाखल्याप्रमाणे, माझा जन्म जूनच्या पहिल्या तारखेचा. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर ऑगस्टअखेरचा, आणि तोही पुढच्या वर्षाचा. या दोन्ही मुली एकच आहेत कशावरून, असं त्यांनी फार सभ्य शब्दांत विचारलं होतं. शाळेतली नोंद ज्याने केली त्याचं, कारणासह, अधिकाऱ्यासमोर केलेलं प्रतिज्ञापत्र द्या. मुदत तीन आठवडे.

आमच्याकडे निम्मा पाडा जूनच्या पहिल्या तारखेला जन्मलेला आहे. खरी तारीख कुणी सांगितली नाही की गुरुजी लोक तीच टाकतात, शाळा सुरू व्हायच्या बेताची. तारखेचं मला नवल नव्हतं. वर्ष कसं बदललं ते कळेना. बापाला विचारलं तर म्हणाला, ‘‘माना काय ठावं? गुरुजींनी लिवला ता लिवला.’’ तेव्हापासून दर तासाला मेल उघडून बघायचे, जणू मी न बघितल्याने मुदत लवकर संपेल.

डहाणूला गुरुजींच्या घरी गेले. त्यांनी दोन्ही कागद हातात घेतले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. काकू, म्हणजे त्यांची बायको, चहा घेऊन आल्या तशा दारातच थांबल्या.

‘‘पट भरत नव्हता,’’ गुरुजी हळूच म्हणाले. ‘‘त्या वर्षी पोरं कमी पडली. शाळा बंद करून तुम्हांला हायवेपलीकडच्या शाळेत घालणार होते. रोज दोन वेळा तो रस्ता, गं. मला झोप लागेना. मग बालवाडीतली सात पोरं एकेक वर्ष मोठी करून पहिलीत घेतली. तुला तर वर्षाहून जास्त.’’

‘‘मग एवढंच लिहून द्या, गुरुजी.’’

‘‘लिहून देऊ? खोटी नोंद केली म्हणून? सरकारी रजिस्टरात? वर कळलं तर? पेन्शन जाईल, चौकशी लागेल. नाही. मला जमायचं नाही.’’ आणि ते उठून आतल्या खोलीत गेले.

मी दाराबाहेरून बोलले ते आज आठवलं की लाज वाटते. ‘‘भीती तुमची, आणि भोगायचं मी?’’ असं म्हटलं. काकूंनी मला फाटकापर्यंत सोडलं आणि म्हणाल्या, ‘‘त्यांना थोडा वेळ दे. ते हो म्हणतातच असं नाही, पण वेळ दे.’’

वेळच तर नव्हता. अकरा दिवस मी पाड्यावर बसून काढले. मुंबईच्या मॅडमचा फोन आला की ‘चाललंय’ म्हणून ठेवून द्यायचे. पाचवं सत्र गेलं तर सगळंच गेलं. इथलेही विषय मी घेतले नव्हते. शिवाय मनाच्या एका कोपऱ्यात वाटायचं, बरंच होईल, जावं लागणार नाही. त्या वाटण्याची मला सगळ्यांत जास्त भीती वाटायची.

बाराव्या दिवशी सकाळी फोन आला. ‘‘मी तलासरी स्टँडवर उभा आहे. लवकर ये, नाहीतर मी परत जाईन.’’

मी धावत गेले. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला फुगलेली पिशवी. पिशवीत काय आहे विचारलं तर उघडून दाखवली. रक्तदाबाच्या गोळ्या, टॉवेल, दात घासायचा ब्रश, एक लुंगी आणि दोन बनियन.

‘‘हे कशाला, गुरुजी?’’

‘‘ठेवून घेतलं तर?’’

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. हा माणूस घरून अटकेच्या तयारीने निघाला होता, आणि तरी निघाला होता.

तहसील कार्यालयाबाहेर प्रतिज्ञापत्र टाइप करून घेतलं आणि आत दोन तास रांगेत बसलो. गुरुजी चार वेळा पाणी प्यायले, तीन वेळा उठले. मी त्यांच्या वाटेत पाय पसरून बसले होते, पळालेच तर अडवायला. नंबर लागला तसे ते खिडकीशी गेले आणि टेबलामागच्या तरुण कारकुनाला पहिल्यापासून सगळं सांगायला लागले. पट, हायवे, सात पोरं. ‘‘चूक माझी आहे. एकट्याची. दुसऱ्या गुरुजींना यातलं काही माहीत नव्हतं.’’

कारकुनाने मान वर न करता कागद पुढे सरकवला. ‘‘काका, इथे सही. माझीपण जूनची पहिलीच आहे. अर्ध्या ऑफिसची आहे.’’

‘‘पण मी वर्ष...’’

‘‘लिहिलंय ना त्यात? मग झालं. पुढचे या.’’

आत नायब तहसीलदारांनी शिक्का मारला आणि कागद माझ्या हातात दिला. एवढंच. चौदा वर्षं ज्याची धास्ती घेतली ते पाच मिनिटांत आटोपलं. मी कागद छातीशी धरून बाहेर आले. गुरुजी पायरीवर उभे राहिले, रागावल्यासारखे. ‘‘कुणी काही विचारलंच नाही,’’ म्हणाले.

समोरच्या टपरीवर चहा घेतला. माझी बडबड सुरू होती, विमान, थंडी, वसतिगृह. गुरुजी ऐकत नव्हते. बोटांवर मोजत नावं घेत होते, त्या सात जणांची. ‘‘तू. तुझ्या काकाचा महेश. रमेश. ती दोघं जुळी. वरच्या आळीतली कमल...’’ सातव्या बोटावर थांबले. कप खाली ठेवला.

‘‘वनिताचं लग्न कधी झालं गं?’’

‘‘दोन वर्षं झाली. बारावीचा निकाल लागला त्याच महिन्यात. तुम्ही आला होतात की जेवायला.’’

‘‘तिचा बाप माझ्याकडे वयाचा दाखला मागायला आला होता.’’ गुरुजींचा आवाज अगदी बारीक झाला होता. ‘‘अठरा पुरी असल्याचा शाळेचा दाखला पाहिल्याशिवाय ग्रामसेवक ऐकत नव्हता. बापही म्हणाला, कमी असेल तर एक वर्ष थांबतो. मी रजिस्टर बघून दाखला दिला. रजिस्टर बघून, मनीषा. माझंच रजिस्टर. मला आठवलंसुद्धा नाही.’’

वनिता लग्नाच्या वेळी जेमतेम सतरा वर्षांची होती, हे माझ्याही डोक्यात तेव्हाच शिरलं. मी किती सहज माझं वर्ष परत मागायला आले होते.

‘‘पेन्शन जाईल म्हणून घाबरत होतो मी,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘बघ, कशाला घाबरत होतो.’’

तिथून घरी न जाता त्यांनी अच्छाडची शेअर रिक्षा धरली. मी नको म्हणत होते. ऐकलं नाही. वनिताच्या सासरची ट्रकवाल्यांसाठी चहा-भजीची टपरी आहे, चेकनाक्यापासून जरा पुढे. ती कढईपाशी उभी होती, कडेवर वर्षाची मुलगी. आम्हांला बघून इतकी हसली की मला तिथून पळून जावंसं वाटलं. सासू बाकड्यावर कांदे चिरत होती. गुरुजींनी तिच्यासमोरच सगळं सांगितलं, काही न लपवता, उभ्याउभ्या. मी बाकडं पुढे केलं तरी बसले नाहीत.

वनिताने झारा बाजूला ठेवला. मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

‘‘मंग माना एक वरीस मिळला असता, गुरुजी?’’

‘‘हो.’’

‘‘त्या वरसात मी मनीषासंगं फॉर्म भरला असता? मुंबईचा?’’

सासूने सुरी थांबवली. मागे ट्रकांचे हॉर्न वाजत होते. मला वाटलं, गुरुजी म्हणतील, कुणी सांगावं, तेव्हाचं काय ते आता कसं कळणार. मला तसं ऐकायला हवं होतं, माझ्याचसाठी.

‘‘भरला असतास,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘आणि मिळालाही असता. तू हिच्यापेक्षा हुशार होतीस.’’

वनिताने मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. मग भजी जळतात म्हणून कढईकडे वळली.

प्रतिज्ञापत्र चाललं आणि ऑगस्टअखेर मी हॉलंडला गेले. त्या आधी आणि नंतर गुरुजी उरलेल्या पाचही जणांकडे एकेक करून जाऊन आले, असं काकू फोनवर सांगायच्या. प्रत्येक वेळी आदल्या दिवशी त्यांचं पोट बिघडायचं. दिवाळीच्या सुमारास, डहाणूच्या घरी, दुपारच्या जेवणानंतर पडल्यापडल्या ते गेले. मी तिथे वनस्पतींच्या वर्गात होते. बाहेर येऊन काकूंचा मेसेज वाचला आणि त्या थंडीत कितीतरी वेळ सायकलींच्या रांगेजवळ उभी राहिले. एवढ्या लांबच्या देशात आता मला कशाचीही भीती वाटेल, आणि ती समजेल असं कुणी उरलं नाही, असं वाटलं.

आठवड्याने वनिताचा फोन आला. ती डहाणूला जाऊन काकूंना भेटून आली होती. म्हणाली, गुरुजी गणपतीनंतर टपरीवर आले होते, बाहेरून बी.ए. करायचा फॉर्म घेऊन. सासूशी तासभर बोलत बसले. सासू नाही म्हणाली नाही, हो पण म्हणाली नाही. फॉर्म तसाच डब्यात होता. आता तो तिने बाहेर काढला होता.

‘‘नाव लिवला,’’ वनिता म्हणाली. ‘‘पत्ता लिवला. पुढं जन्मतारीख मागतात. कोणती लिवू, तू सांग.’’